जुन्या लॅपटॉपची घरघर

मंडळी, जुना लॅपटॉप दुरुस्तीला आणणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: पंखा फार घरघरतो, तेवढा बंद करून द्या. तो बंद करू नका. पंखा तापमान बघून फिरतो. त्याला थांबवलंत तर प्रोसेसर आधी मंदावेल आणि मग मशीन आपोआप बंद पडेल. शोधायचं ते हे, की उष्णता तयार कशाने होते आणि अडते कुठे.

अडते कुठे ते आधी बघू, कारण आपल्याकडची हवाच तशी आहे. इचलकरंजीत यंत्रमागाला लागून असलेल्या ऑफिसातला लॅपटॉप उघडा. पंखा वरवर स्वच्छ दिसतो. तो सोडवून बाजूला काढला की त्याच्या तोंडाशी, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांवर, कापसाच्या तंतूंची सलग पट्टी दिसते. चिमट्यात धरली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अख्खी निघते. हवा जाणार कुठून? कोल्हापुरातल्या उद्यमनगर, शिरोलीकडची फौंड्रीची धूळ वेगळी. तिच्यात लोखंडाचे कण असतात आणि ते बोर्डवर पसरले तर शॉर्ट होण्याची भीती. तेव्हा बाहेरून ब्लोअर मारून ती आत ढकलू नका, मशीन उघडूनच साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर त्याच वेळी बदलून घ्या.

आता उष्णतेचं मूळ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीही काम चालू नसताना सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा २५ किंवा ५० टक्क्यांच्या आसपास अडकून राहिलाय का बघा. चार थ्रेडच्या, म्हणजे एकावेळी चार कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरवर २५ म्हणजे एक थ्रेड पूर्ण जुंपलेला, दोनच्या प्रोसेसरवर ५० म्हणजे तेच. कुठलातरी एक प्रोग्रॅम गोल गोल फिरतोय. विंडोज ७ वर अपडेट शोधणारी सर्व्हिस हा उद्योग तासन् तास करायची. जाहिरातींनी भरलेला ब्राउझरचा टॅबही करतो.

प्रोसेसर खरंच कामात असेल तर त्याला थोडा आवरायचा. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.२ वरून १.० वर आलं, तरी खर्च सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. वेग उतरला की व्होल्टेजही उतरतं, म्हणून फायदा दुहेरी. पॉवर ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. तिथं १०० च्या जागी ९९ लिहा. टर्बो बूस्ट (गरज पडली की वेग आपोआप वाढवायची सोय) असलेला इंटेलचा प्रोसेसर तेवढ्यानेच टर्बोत जायचा थांबतो आणि हिशेबाच्या कामात फरक जाणवत नाही. विंडोज ७ च्या काळच्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या आय-थ्री प्रोसेसरला टर्बोच नव्हता, तिथं ८० वगैरे करून बघावं लागतं. शेजारीच कूलिंग पॉलिसी आहे. ती पॅसिव्ह केली की विंडोज पंखा वाढवण्याआधी प्रोसेसरचा वेग कमी करतं. रात्री शांत खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांना हे फार उपयोगी आहे, मात्र उन्हाळ्यात मशीन हळू वाटेल.

वीज कोण खातंय याची लेखी यादी हवी असेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी'ला 'एनर्जी' हा पर्याय द्या (powercfg /energy). मिनिटभरात अहवाल तयार होतो. कुठलं यूएसबी उपकरण झोपत नाही, तेही त्यात येतं. विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असेल तर हेच काम पॉवरटॉप हा प्रोग्रॅम करतो, आणि टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम टाकून ठेवलं की बरंचसं आपोआप सांभाळलं जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला थांबली, आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. असा लॅपटॉप हिशेबाला खुशाल वापरा, पण बँकेचा व्यवहार त्यावरून करू नका. ते काम दुसऱ्या मशीनवर न्या, किंवा यातच लिनक्स टाका.