तळच्या चौकटीतला माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गावच्या देवळाच्या मागच्या अंगाला, पिंपळाच्या मुळांशी किंवा तळीच्या काठावर एखादा उभा काळा दगड तुम्ही पाहिला असेल. त्यावर माणसांच्या लहान लहान आकृती असतात. पावसात शेवाळतो, चवथीच्या आधी कोणीतरी घासून काढतं. कोण आहे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "राखणदार." तेल, फूल, वर्षातून एक नारळ. त्या दगडाचं खरं नाव वीरगळ. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु, त्याचाच आपण वीरगळ केला. गोव्यावर कदंबांचं राज्य होतं, त्या काळातले वीरगळ आपल्याकडे सापडले आहेत. कदंब म्हटल्यावर आपल्याला आधी गोव्याची सरकारी बस आठवते ती आठवू द्या, नाव त्यांचंच आहे.

वीरगळ वाचायचा खालून वर. पोथी वरून खाली वाचायची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. सगळ्यात खालच्या चौकटीत मरण असतं: लढाई, घोडे, भाले, कधी गाई पळवणाऱ्यांशी झुंज. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्या वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेजारी पूजा करणारा गुरव. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे हे दोघे असेपर्यंत याची कीर्ती राहो. वरच्या चौकटी बहुतेक दगडांवर सारख्याच. स्वर्ग सगळ्यांचा एकच असावा. वेगळी असते ती तळची चौकट. हा माणूस कशापायी मेला, ते फक्त तिथेच कळतं.

जुने गोवे इथे सेंट फ्रान्सिस ऑफ आसिसी चर्चला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे येणाऱ्यांची पावलं बहुधा पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांकडे वळतात. माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी वीरगळांपाशी पाच मिनिटं थांबा, आणि हो, वाका. वाकल्याशिवाय तळची चौकट दिसत नाही. काहींवर तिथे घोडा नाही, गाय नाही. तिथे गलबत आहे. नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, उंच उचललेली, वल्ही एका रांगेत तिरकी पडलेली, वर हत्यारबंद माणसं दाटीवाटीने उभी. पाथरवटाने पाणी जेमतेम दाखवलं आहे, पण वल्ह्यांचा कल मात्र नेमका धरला आहे. समुद्र रोज बघणाऱ्याचा हात आहे तो.

आणि का नसावा? जयकेशी पहिला याच्या काळात, 11व्या शतकात, कदंबांची राजधानी गोपकपट्टण होती, जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्ह्याच्या परिसरात. कदंबांच्या ताम्रपटांत एक गोष्ट येते. राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला, वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली आणि गोपकाच्या बंदराचा आसरा घ्यावा लागला. मदतीला धावला तो एक मुसलमान व्यापारी. पुढे त्याच्या नातवाला जयकेशीने कारभारात मोठं पद दिलं. या नातवाने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावायची मुभाही दिली. शिवभक्त राजा, सोमनाथाची यात्रा आणि मशिदीचा खर्च, हे सगळं एकाच कहाणीत बसलेलं आहे. मला तरी त्यात ओढूनताणून काही वाटत नाही. बंदराचं गाव असंच चालतं.

अशी गलबतं फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला नौकायुद्धाचे भव्य वीरगळ आहेत, यादव आणि शिलाहारांच्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात. तिथे आरमारच्या आरमार कोरलं आहे. पण ताम्रपटात राजाचं नाव येतं, मंत्र्याचं येतं. वल्हं मारता मारता मेलेल्याला जागा मिळते ती या दगडावर, आणि तीही बहुधा नावाशिवाय.

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो. गाव फोंडा महालातलं, नाव राहू दे. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा अंगणाची पातळी वीतभर उचलली आणि सिमेंट ओतलं. कडेचा वीरगळ हलवायचा नाही, राखणदार आहे, असं सर्वांचं मत पडलं. ते योग्यच. म्हणून तो होता तिथेच ठेवला आणि सिमेंट त्याच्या भोवतीने ओतलं. वर चांदीचा रंग मारला. आज अप्सरा चकाकतात, शिवलिंग चकाकतं, तळची चौकट सिमेंटखाली. माणूस स्वर्गात कसा गेला ते दिसतं, कशासाठी गेला ते आम्ही बुजवून टाकलं.

तिथे रोज दिवा लावणाऱ्या आक्कांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, खाली काय होतं ते मला ठाऊक आहे. लहानपणी मीच घासायची ना!"

"काय होतं, आक्का?"

"माणसं होती. ओळीनं. आणि असं एक वर वळलेलं..." त्यांनी मनगट वाकवून दाखवलं.

ते टोक अजून दिसतं. सिमेंटच्या वर दोन बोटं, डाव्या कोपऱ्यात. नाळ असेल, घोड्याची मानही असेल. मी गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात कितीदा पाहिलं, ठरत नाही. समितीला म्हटलं, दगडाभोवतीची वीतभर पट्टी फोडूया, पुरातत्त्वाच्या जाणकाराला बोलावून, हलक्या हाताने. नाही म्हणाले नाहीत. शिगमो होऊन जाऊ दे, मग बघू, म्हणाले.