हट्टी मका आणि ए१८८

[दृश्य: कोवळं कणीस, सुरीचं टोक, काचेची बशी]

परागण होऊन दहा-बारा दिवस झालेलं कणीस. दाण्यात अजून पाणीच जास्त. त्यातून दीड मिलिमीटरचा भ्रूण काढायचा आणि माध्यमावर अंकुराची बाजू खाली करून ठेवायचा. उलटा ठेवला, तर तो सरळ उगवू लागतो आणि आपल्याला हवा तो कॅलस, म्हणजे नुसत्या विभागत राहणाऱ्या पेशींचा गोळा, मिळत नाही. माध्यमात २,४-डी असतं. शेतात तण मारायला फवारतात तेच. इथे त्याची अगदी किंचित मात्रा पेशींना नुसतं विभागत ठेवते.

कॅलसमधून पूर्ण रोप उभं करायच्या या युक्तीला तंबाखू आणि गाजर केव्हाच वश झाले होते. मका हट्टी. १९७५ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या ग्रीन आणि फिलिप्स यांनी त्याच्या कॅलसमधून पूर्ण रोपं उभी केली. त्यात खरा हात ए१८८ या वाणाचा.

[दृश्य: शेजारी शेजारी दोन बशा]

माध्यम तेच, हातही तेच. डावीकडे ए१८८: भुसभुशीत, पिवळसर, भ्रूणांनी भरलेला कॅलस. उजवीकडे बी७३ हा दुसरा वाण: चिकट, पाणीदार गोळा, रोपाचं नाव नाही. आणि गंमत बघा, शेतात मान बी७३ला. अमेरिकेतल्या कितीतरी संकरित वाणांचा तो जनक. २००९ साली मक्याचा जनुकसंच वाचला गेला तोही त्याचाच. ए१८८ मात्र शेतात सुमार.

मग दोघांचा संकर केला. संततीतून रोपं देणारी झाडं निवडत गेले आणि १९९१ साली हाय-टू हा मक्याचा बियाणे-साठा जाहीर झाला. पुढची कितीतरी वर्षं मक्यात नवं जनुक घालायचं म्हटलं की प्रयोगशाळा हाय-टूच काढत.

पण कॅलसमधून रोपं देण्याचा हा गुण नेमका कुठे बसलाय? बी७३शी पुन्हा पुन्हा संकर करून ए१८८चे कोणते तुकडे टिकतात ते तपासलं, तेव्हा नवव्या गुणसूत्राची लांब भुजा समोर आली. नंतर तिसऱ्या गुणसूत्रावरही असाच एक भाग सापडला आणि २०२३ मध्ये तिथलं वॉक्स२ए हे जनुक हाती लागलं.

[दृश्य: हिरव्या कोंबांनी भरलेली बशी]

२०१६ मध्ये एका बियाणे कंपनीच्या संशोधकांनी वेगळीच वाट काढली. वाणाच्या मर्जीची वाट कशाला बघायची? त्यांनी बेबी बूम आणि वुशेल-२ ही दोन जनुकं बाहेरून घातली आणि बी७३सारखे हट्टी वाणही रोपं देऊ लागले. मात्र काम झालं की ती जनुकं कापून काढावी लागतात. राहिली, तर रोप वेडंवाकडं वाढतं आणि वांझ निघतं.