काचेवरची फिल्म किती वर्षं टिकते?

गाडीच्या काचेवरची फिल्म किती वर्षं टिकेल, असं विचारणाऱ्याला उत्तरात एकच आकडा हवा असतो. तो देता येत नाही, कारण फिल्म दोन तऱ्हांनी खराब होते: तिचा रंग जातो किंवा तिचा गोंद सुटतो. दोन्हींची कारणं निरनिराळी आहेत.

आधी रंग. फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. स्वस्त फिल्मला काळेपणा येतो तो डायमुळे, म्हणजे तिच्यात मिसळलेल्या रंगामुळे, आणि हा काळा रंग एकट्याचा नसतो, अनेक रंगांच्या मिश्रणातून तो तयार होतो. उन्हातले अतिनील किरण त्या रंगांचे रेणू तोडतात, पण सगळे एका वेगाने तुटत नाहीत. काही लवकर जातात, मागे उरतो तो जांभळा. जुन्या गाड्यांच्या काचा जांभळ्या दिसतात त्या यामुळे. अशी फिल्म साधारण 3 ते 5 वर्षं चालते. कार्बनची फिल्म, म्हणजे कार्बनचे बारीक कण असलेली, जांभळी पडत नाही, ती बरीच जास्त टिकते. चांगली सिरॅमिक फिल्म (सिरॅमिकचे, म्हणजे धातू नसलेल्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म कण असलेली) 10 वर्षं सहज ओलांडते. धातूचा मुलामा असलेली फिल्मही टिकाऊ, मात्र ती मोबाइल आणि जीपीएसच्या सिग्नलला आड येऊ शकते.

जितकी गडद तितकी चांगली, हा समज मात्र मनातून काढून टाका. जवळजवळ पारदर्शक सिरॅमिक फिल्म उष्णता अडवण्यात काळ्याकुट्ट डायच्या फिल्मला मागे टाकू शकते.

आता गोंद. त्याचं भवितव्य बरंचसं पहिल्या काही आठवड्यांत ठरतं. फिल्म पाण्याच्या फवाऱ्यावर सरकवून बसवतात. ते पाणी रबरी पट्टीने बाहेर काढलं तरी थोडं आत राहतंच आणि हळूहळू सुकतं. तोवर काच धुरकट दिसते, पाण्याचे बारीक फुगे दिसतात. घाबरू नका, ते जातात. पण पहिले 3-4 दिवस काच खाली करू नका, नाहीतर ओली कड रबरात अडकून उचलली जाते. फुग्यात धुळीचा कण असेल किंवा काही महिन्यांनी नवे फुगे उठले, तर मात्र दोष बसवण्यात, काचेच्या सफाईत किंवा गोंदात आहे.

पुढे रोजची हाताळणी. अमोनिया असलेला काच-क्लीनर फिल्मला घातक. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरेसं आहे. गाडी सावलीत उभी करता आली, तर रंग आणि गोंद दोन्ही जास्त टिकतात.

फिल्म काढायची वेळ आली, तर मागच्या काचेवर पातं चालवू नका. तिथे डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, बारीक तारा असतात आणि फिल्म त्यांच्यावरच चिकटलेली असते. वाफेने गोंद मऊ करून ती सावकाश ओढावी. तार एकदा तुटली, की तेवढ्या पट्ट्यातलं धुकं निघत नाही.