एकोणीस वर्षांची फाईल

ही फाईल बघा. निळी, कडा झिजलेली. न्यू जर्सीत एडिसनमधल्या एका मराठी घरात ती कपाटाच्या वरच्या खणात असते. आत पासपोर्ट, पगाराच्या स्लिपा, डिग्रीच्या प्रती आणि प्रत्येक मुदतवाढीचा मंजुरीचा कागद. घरातलं सोनं कुठे ठेवलंय ते आठवावं लागतं. ही फाईल मात्र अंधारातही हाताला लागते.

व्हिसा एच-वन बी, अमेरिकेत नोकरी करायचा. १९९० च्या कायद्यानं सुरू झालेला. आधी तीन वर्षं, मग आणखी तीन, आणि परत घरी, असा मूळ हिशेब. पण कंपनीनं ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, केलेला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला, की सहा वर्षांनंतरही मुदत वाढत राहते. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्के. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. इकडे एच-वनवाल्यांत ७० टक्क्यांहून जास्त माणसं भारतातली. मग रांग सरकणार कशी? दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक आलं, की नवराबायको आपली प्रायॉरिटी डेट, रांगेत लागल्याची तारीख, त्यात शोधतात. कधी पत्रकातली तारीख चार आठवडे पुढे जाते, कधी चक्क मागे येते. मधेच नोकरी गेली, तर दुसरी शोधायला फक्त ६० दिवस.

१९ सप्टेंबर २०२५ ला नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. सुट्टीवर निघालेली माणसं विमानातून उतरली. आधीच व्हिसावर असलेल्यांना ते लागू नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. २०२६ पासून हा व्हिसा कुणाला ते ठरवणाऱ्या लॉटरीतही जास्त पगाराच्या अर्जाला जास्त संधी, म्हणजे नुकत्याच पास झालेल्या मुलांची वाट अरुंद. कमी पगारात माणसं आणून स्थानिकांना डावलायचे प्रकार घडलेत, त्यांना आळा हवाच. पण माणूस एकाच मालकाला बांधलेला असेल, तर तो पगारासाठी भांडणार कुठून? दाराचे नियम बदलताहेत. आतल्या रांगेला कुणी हात लावत नाही, आणि या व्हिसाचं पुढे काय होणार, ते त्या रांगेवरच ठरणार आहे.

या घरातली मुलगी दोन वर्षांची असताना आली. रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकली. येत्या जूनमध्ये ती एकवीस पूर्ण करते, आणि आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळतं.

आईनं परवा एक नवी फाईल आणली. तिच्यावर मुलीचं नाव लिहिलंय. आत सध्या एकच कागद आहे, स्टुडंट व्हिसाचा फॉर्म.