विंचवाचं बिऱ्हाड, तेरा जर्सी

मित्रहो, बास्केटबॉलवरचं व्याख्यान म्हटलं की लोक जॉर्डन, कोबी, लेब्रॉन यांच्याविषयी ऐकायला येतात. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याचं नाव इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. इश स्मिथ. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सर्वांत जास्त, म्हणजे १३ संघांकडून खेळलेला खेळाडू.

अशा खेळाडूला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. आपल्याला वाटतं, सारखा प्रवास करतो म्हणून हे नाव पडलं असेल. पण त्या शब्दाचं मूळ ‘दिवस’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. उमेदवारी संपली, हात तयार झाला, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून रोजावर काम करणारा कारागीर, तो जर्नीमन. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो, कारण त्यात कसब आधी येतं आणि वणवण नंतर.

इशचा जन्म १९८८चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा. उंची सहा फूट. आपल्याकडे हा मुलगा उंच ठरला असता, तिथे तो ठेंगणा. वेक फॉरेस्ट विद्यापीठातून खेळून २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ एकेक करून नवे खेळाडू निवडतात तिथे, उतरला. ६० नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नाव नव्हतं. तरी ह्यूस्टनच्या संघाने करार केला आणि पहिला हंगाम संपायच्या आत मेम्फिसला धाडून दिलं. मग गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लीन्स... आपण म्हणतो ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या. संघ ३०, आणि एका संघात नियमित करारावर फार तर १५ जण. पहिले आठ-नऊ खरे खेळतात, उरलेले गणवेश घालून तयार बसतात. या उरलेल्यांपैकी अनेकांचा करार कच्चा असतो. जानेवारीची १० तारीख ओलांडली की हंगामाचा पगार पक्का, त्याआधी काढलं तर जेवढे दिवस संघात होता तेवढेच पैसे. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करारही सुरू होतात. एका हंगामात एका संघाला एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर त्याला हंगामभर ठेवा, नाहीतर सोडा.

त्यात पुन्हा अदलाबदल. दोन संघ मोठे खेळाडू बदलतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ बऱ्याचदा बसवावा लागतो. भाजीवाला तागडी सारखी करायला शेवटी दोन मिरच्या टाकतो, तसा एखादा कमी पगाराचा खेळाडू त्या व्यवहारात टाकला जातो. ‘माझ्या संमतीशिवाय मला पाठवू नका’ असं कलम करारात घालून घेण्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्यातली चार त्याच संघात काढलेली असावी लागतात. आता सांगा, ज्याला कुणी चार वर्षं ठेवतच नाही, त्याने हे कलम मागायचं कधी?

आणि हे फक्त ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांच्याच नशिबी येतं असंही नाही. इशने मोडला तो १२ संघांचा विक्रम ज्यांच्या नावावर होता, त्यांत जो स्मिथही होता, १९९५च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू.

आता कसबाकडे येतो. इश पॉइंट गार्ड. चेंडू घेऊन येणारा, बाकी चौघांना कुठे उभं राहायचं ते सांगणारा. मैदानाच्या एका बाजूला समोरचा संघ पिक अँड रोल खेळतो, म्हणजे एक जण बचावपटूची वाट अडवतो आणि चेंडूवाला त्याच्या आडून निसटतो, तेव्हा चेंडूवाल्याला मधल्या भागात शिरू न देता कडेलाच दाबायचं, अशी एक बचावाची रीत आहे. एखादा संघ तिला ‘आइस’ म्हणतो, दुसरा ‘ब्लू’, तिसरा ‘डाउन’. पाय तसेच टाकायचे, नाव वेगळं. नवा माणूस काल एका शहरात ‘ब्लू’ ऐकून वळत होता, आज त्याला ‘आइस’ ऐकून वळायचंय, तेही समोरून चेंडू येत असताना. अर्धा सेकंद उशीर झाला की दोन गुण गेले. माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या संघात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात रडवेल्या आवाजात म्हणाली, “सर, खेळ येतो हो मला, पण त्यांची भाषा येत नाही.” इशने ती भाषा तेरा ठिकाणी शिकली.

त्याचा तीन गुणांचा शॉट कधीच धाक वाटावा असा झाला नाही, आणि त्याच्याच काळात सगळा खेळ तीन गुणांच्या रेषेबाहेर सरकला. त्याच्याकडे होता वेग, आणि त्या वेगात अचानक थांबून मारलेला मधल्या अंतरावरचा जंप शॉट. तेवढ्या भांडवलावर तो टिकला. डिसेंबर २०१५मध्ये फिलाडेल्फियाने त्याला न्यू ऑर्लीन्सकडून परत आणलं, तेव्हा संघ एक सामना जिंकून तीस हरला होता. हंगाम संपला तो ८२पैकी १० विजयांवर. संघ काही सुधारला नाही, पण इशने तिथे सामन्यामागे सरासरी १४हून अधिक गुण आणि ७ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, केले. त्या जोरावर पुढच्या उन्हाळ्यात डेट्रॉईटने त्याला तीन वर्षांचा १.८ कोटी डॉलरचा करार दिला. सहा वर्षांच्या धावपळीनंतर तीन वर्षं एकच शहर!

हेही ज्यांना मिळत नाही, त्यांचं काय? आंद्रे इंग्रॅम भौतिकशास्त्राचा पदवीधर. एनबीएखालच्या लीगमध्ये दहा वर्षं खेळला, जोडीला गणिताच्या शिकवण्या घेतल्या. एप्रिल २०१८मध्ये, हंगामाचे दोन सामने उरले असताना लेकर्सने, लॉस एंजेलिसच्या एनबीए संघाने, त्याला बोलावलं. वय ३२, केस पिकायला लागलेले. पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण. चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. त्याचा तिसरा, चौथा शॉट पडतो तेव्हा प्रेक्षकांचा आवाज कसा चढतो, तेही ऐका.

इशकडे परत येतो. डेट्रॉईटनंतर वॉशिंग्टन, मग शार्लट, पुन्हा वॉशिंग्टन, आणि २०२२मध्ये डेन्व्हर, तेरावा संघ. १३ जून २०२३, आपली सकाळ. चहा हातातच गार होत होता. डेन्व्हरने मायामीला ९४-८९ हरवलं आणि आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या सामन्यात इश मैदानात उतरला नाही. पण वर्षभर सरावात समोरच्या संघाचे डाव आपल्याच खेळाडूंसमोर कोण खेळून दाखवतं? बाकावरचीच माणसं. मला त्या सकाळी मुख्य पाचांइतकाच तो बाक पाहायचा होता.

विजेतेपदाचा मानकरी झाला तरी पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे करार नव्हता. नोव्हेंबरमध्ये तो झाला. या वेळी बोलावणाऱ्या शहराचं नाव होतं शार्लट, जिथे तो जन्मला होता.