पहिलटकरणीचं सिझर: नेमकं कशामुळे?

(दृश्य: ठाण्यातला पहाटेचा घोडबंदर रोड. मॅटर्निटी होमच्या दारात रिक्षा थांबते.)

पहिलटकरीण, 39 आठवडे पूर्ण. रात्रीपासून दर दहा-बारा मिनिटांनी पोटात कळ येतेय. तपासणीत गर्भपिशवीचं तोंड 2 सेंटीमीटर उघडलेलं.

पहिल्या बाळंतपणात हा टप्पा फार संथ असतो, अख्खा दिवसही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांनुसार जोमाच्या कळांचा काळ 5 सेंटीमीटरपासून धरायचा, आणि तिथून 10 सेंटीमीटर व्हायला पहिलटकरणीला 12 तासांपर्यंत लागू शकतात. ताशी 1 सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेब सगळ्यांना लावता येत नाही. आई-बाळ ठीक असतील, पाणी गेलं नसेल, तर 2 सेंटीमीटरला घरी जाऊन जेवावं, झोपावं, चालावं. पण माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून पुन्हा वेळेत पोहोचू का, या धास्तीनं बऱ्याच जणी लगेच दाखल होतात. ती धास्ती खोटी नाही. मात्र दाखल झाल्यापासूनच तास मोजले, तर दुपारपर्यंत ‘प्रगती नाही’ असा शेरा पडतो आणि सिझरची तयारी सुरू होते.

(दृश्य: सलाईनच्या नळीत पडणारे थेंब.)

सिझरकडे नेणारी दुसरी वाट औषधानं कळा आणण्याची. 41 आठवडे झाले, बीपी 140/90 च्या वर गेलं, पाणी जाऊनही कळा नाहीत, तर कळा आणणं योग्यच. अडचण येते तोंड कच्चं असताना, म्हणजे घट्ट, लांब आणि मागे वळलेलं. ते आधी जेलनं किंवा फुग्याच्या कॅथेटरनं मऊ करावं लागतं, मग ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाचं, सलाईन हळूहळू वाढवत न्यायचं. 10 मिनिटांत 5 पेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर दोन कळांमध्ये बाळाला ऑक्सिजन भरून घ्यायला उसंत मिळत नाही आणि ठोके उतरतात. तेव्हा आधी सलाईन थांबवायचं, आईला कुशीवर वळवायचं; बरेचदा तेवढ्यानं ठोके सावरतात. पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडून सलाईन लावल्यावर, सगळं ठीक असेल, तर 12 ते 18 तास वाट पाहिल्याशिवाय ‘कळांना दाद नाही’ असं ठरवू नये.

(दृश्य: मशीनमधून सरकत येणारी कागदी पट्टी.)

बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 हवेत. कळेबरोबर उतरून कळेबरोबरच वर येणारे ठोके बहुधा डोक्यावरच्या दाबाचे असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. कळ ओसरू लागल्यावरही खालीच राहणारे, दर कळेला तसंच होणारे ठोके मात्र खरा इशारा. तिथे वेळ घालवायचा नसतो.

वार (प्लासेंटा) पिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ आधी बाहेर आली असेल, तर वादच नाही, सिझरच. पायाळू बाळ 100 पैकी 3-4 जणींना. 36 आठवड्यांच्या पुढे ते पोटावरून फिरवून पाहता येतं, फक्त त्यासाठी हात बसलेला डॉक्टर हवा. नाळेचा वेढा हे एकटं कारण पुरत नाही. वेढा असलेली कितीतरी बाळं सुखरूप नॉर्मल होतात, आणि तरी सोनोग्राफीच्या रिपोर्टमधल्या त्या एका शब्दानं घरचे हादरतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातलं सिझरचं प्रमाण 2015-16 मध्ये 20.1 टक्के होतं, 2019-21 मध्ये 25.4. त्याच 2019-21 मध्ये देशभरात सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, खाजगीत 47.4.

पहिल्या सिझरचा परिणाम पुढच्या खेपेवर होतो. वार जुन्या व्रणावर रुजली, तर रक्तस्राव आवरणं कठीण जातं. नॉर्मलचा प्रयत्न करावा का, हेही पहिल्या खेपेच्या कागदांवरून ठरतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सिझर’ नको. तोंड किती सेंटीमीटर उघडलं होतं, किती तास वाट पाहिली, ठोके कसे होते आणि पिशवीवरचा छेद आडवा की उभा, हे लिहून घ्या. पुढचं बाळंतपण ठाण्यात नाही, माहेरी साताऱ्याला झालं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात तेवढंच असतं.