अडवण्याआधीचं एक मिनिट

(दृश्य: दांडिया बाजार, रविवार सकाळ. ओटल्यावर पसरलेलं वर्तमानपत्र.)

बडोद्याच्या दांडिया बाजारातला हा ओटला. रविवारी नऊ वाजले की पायरीखाली चपलांची गर्दी होते. वर्तमानपत्रावर मांडलेलं सामान खिशात मावेल एवढंच: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि बाजारात ज्याला अजून ‘कंडेन्सर’च म्हणतात तो कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरडचा. प्रवाह मोजणारे मीटर मात्र दोन. एक कपॅसिटरच्या अलीकडे, एक पलीकडे.

जमलेली पाचही मुलं बारावीची. ‘कपॅसिटर डीसीला (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला) अडवतो’ हे वाक्य पाचही जणांना पाठ आहे, दोन मार्कांचं आहे. जोडणी मात्र आजवर एकानेही केलेली नाही. त्यांच्याकडे हा प्रयोग फळ्यावर होतो.

(दृश्य: कलाभवनची इमारत, रस्त्यावरून.)

ओटला ज्यांचा, ते काका कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. हाताचं काम आणि त्यामागचं शास्त्र एकाच छपराखाली शिकवायचं, असा बेत. दादासाहेब फाळकेही काही काळ इथे होते, म्हणून आमचा कॅमेरा इथे जरा जास्तच रेंगाळला. आज इथे सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी भरते. काकांच्या आठवणीतला इथला पहिला धडा म्हणजे कानस कशी धरायची. पुस्तक नंतर.

(दृश्य: दोन्ही मीटरचे काटे, जवळून.)

“घड्याळ कोणाकडे आहे? हां. लाव गं टोपी.”

बॅटरीवर तारांची टोपी बसली आणि दोन्ही काटे एकदम उडाले, ०.९ मिलिअँपिअरच्या आसपास. पुन्हा बघा, सावकाश. अलीकडचा आधी, पलीकडचा मागून, असं काही नाही. आता कपॅसिटरच्या पोटात तर धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या मधे वीज जाऊ न देणारा थर आहे. मग पलीकडचा काटा हलवला कोणी?

बॅटरी एका पट्टीवर इलेक्ट्रॉन ढकलते आणि त्याच वेळी दुसऱ्या पट्टीवरून तेवढेच ओढून घेते. थर ओलांडून कोणीच जात नाही. ‘कपॅसिटर भरला’ असं आपण म्हणतो खरं, पण सगळा मिळून त्यातला विद्युतभार वाढलेला नसतो. इकडे जितका जास्त, तिकडे तितकाच कमी. मधल्या थरात बदलत राहतं ते विद्युतक्षेत्र, आणि १८६० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्या बदलालाही प्रवाहाचा मान दिला.

आता काटे उतरायला लागलेत. पट्ट्यांमधला व्होल्टेज जसजसा चढतो, तसतसा तो बॅटरीला सामोरा उभा राहतो; ढकलायला उरतो तो दोघांच्या व्होल्टेजमधला फरक, आणि तो दर क्षणाला कमी होतो. काटे किती वेगाने उतरणार ते रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर ठरतं; तो इथे १० सेकंद. गणिताप्रमाणे १० सेकंदांनी प्रवाह ०.३३ मिलिअँपिअर, २० नी ०.१२, ३० नी ०.०४. पहिल्या १० सेकंदांतच पट्ट्यांवर ५.७ व्होल्ट चढलेले असतात. वहीतले आकडे यांच्याशी तंतोतंत जुळले नाहीत, कारण कपॅसिटरवर छापलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. एकजण खोडरबर शोधत होता. काकांनी शोधू दिलं नाही.

मिनिटभराने दोन्ही काटे शून्यावर. पाठ केलेलं वाक्य खरं ठरतं ते इथून पुढे.

बॅटरीने दिलेल्या ऊर्जेतली निम्मीच कपॅसिटरमध्ये राहिली. उरलेली निम्मी रेझिस्टर तापवण्यात गेली. ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

(दृश्य: पक्कड, जुना निकामी कपॅसिटर.)

हा मात्र दिसतो. बोटाच्या पेराएवढा ॲल्युमिनियमचा डबा, त्यातून निघालेली गुंडाळी उलगडत जाते, उलगडतच जाते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मधे ओलसर कागद. हा कागदच वीज अडवतो, असं पाचही जण म्हणाले. आम्हीही म्हणालो असतो. पण कागदाचं काम आतलं द्रव धरून ठेवणं. खरा अडवणारा थर एका पट्टीवर चढवलेल्या ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. कपॅसिटर उलटा जोडला तर हा थर टिकत नाही, आत वायू होतो आणि डबा फुटू शकतो. ते आम्ही चित्रित केलं नाही. तुम्हीही करू नका.

(दृश्य: पुन्हा पहिली जोडणी.)

बॅटरीची टोपी काढली. मोकळी राहिलेली दोन टोकं काकांनी एकमेकांना टेकवली. दोन्ही काटे शून्याच्या मागे जाऊन खिळीवर आपटले.

“काका, बॅटरी काढली ना पण?”

काढली आहे. ही बघा, वर्तमानपत्राच्या कडेला, टोपीविना पडली आहे.